सासऱ्यांचा मर्फी, पक्कड आणि चार लाखांचा फोन

पत्र : आम्ही रामबागेतलं जुनं घर सोडून निपानियाला फ्लॅटमध्ये राहायला जातोय. सासरे गेल्या मार्गशीर्षात गेले. त्यांच्या खोलीत मर्फीचा लाकडी रेडिओ आहे, ग्रुंडिगचा मोठा टेपरेकॉर्डर आणि त्याची अकरा रिळं आहेत, एचएमव्हीचा पेटीसारखा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे आणि रेकॉर्डींच्या दोन ट्रंका आहेत. रिळांच्या डब्यांवर बाबांच्या अक्षरात ‘गणेशोत्सव 1966’, ‘बारसं’ असं काही काही लिहिलेलं आहे. रेडिओचं एक बटण कधीचंच हरवलंय, बाबा पक्कडीने स्टेशन लावायचे. कबाडी सगळ्याचे मिळून बाराशे देतो म्हणतो. मोबाइलवर मात्र तसाच रेडिओ 85 हजारांना दिसला, म्हणून मी फोटो टाकले, तर एकाचा फोन आला : चार लाख देतो, पण आत लाल पारा आहे की नाही ते तपासायला आधी पाच हजार पाठवा. मुलगा म्हणतो, प्लग लावून बघू, चालला तर जास्त येतील. काय करावं? – एक वाचक, इंदूर

ताई,

आधी मुलाच्या हातून प्लग काढून घ्या. बाकीचं सावकाश बोलू.

चार लाखवाल्याचं उरकून टाकतो. लाल पारा तुमच्या रेडिओत नाही, कोणाच्याच रेडिओत नसतो. जुन्या यंत्रांत भारी किमतीचा लाल पारा असतो, ही अफवा दर दोन-तीन वर्षांनी नवे कपडे घालून माझ्या टेबलापाशी येते. कधी जुन्या टीव्हीचं नाव असतं, कधी रेडिओचं. 2009 साली सौदी अरेबियात हीच अफवा सिंगरच्या शिवणयंत्रांबद्दल उठली आणि लोकांनी आजीची मशिनं वाट्टेल त्या भावाने घेतली. सांगणारा छातीठोकपणे सांगतो की तो पारा आरशात दिसत नाही, सोन्याकडे धावतो आणि लसणाला घाबरतो. एक बाई माझ्याकडे रेडिओ आणि लसणाचा गड्डा, दोन्ही घेऊन आल्या होत्या. रेडिओ मी परत दिला, लसूण घरी नेला. यातली कमाई तपासणीच्या फीमध्ये आहे. पाच हजार गेले की केमिकलचे दहा मागतात, मग “मॅडम, पार्टी दिल्ली से निकल गई है” म्हणून गाडीभाडं. नंबर ब्लॉक करा. पैसे आधीच पाठवले असतील तर लाजत बसू नका, आजच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकं अवघड.

आता पक्कड. तुम्ही सहज लिहून गेलात, पण त्या ओळीपाशी मी थांबलो.

दिवसाउजेडी, प्लग भिंतीपासून चांगला लांब ठेवून, मर्फीच्या मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा काढा. आत हात घालू नका, टॉर्च मारा. बल्बसारख्या दिसणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हवर बारीक अक्षरं दिसतील. ती फडक्याने पुसू नका, नुसत्या बोटानेसुद्धा ती जातात, आणि ती गेली की घेणाऱ्याला व्हॉल्व्ह कुठला तेच कळत नाही. पहिलं अक्षर तेवढं वाचा. ईसीएच 81, ईबीएफ 89 अशी ‘ई’पासून सुरू होणारी नावं असतील आणि कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांचा जड ट्रान्सफॉर्मर बसलेला असेल, तर बहुतेक ठीक. यूसीएच 81, यूबीएफ 89, यूसीएल 82 अशी ‘यू’ची मंडळी असतील, तर तो एसी-डीसी सेट समजा. पूर्वी काही शहरांत घरात डीसी वीज यायची, दोन्हीवर चालतील असे सेट निघायचे, आणि ट्रान्सफॉर्मर वाचल्यामुळे ते स्वस्तही पडायचे. त्यांत व्हॉल्व्ह फुलांच्या माळेसारखे एकामागे एक ओवलेले असतात आणि विजेची एक तार थेट लोखंडी चेसिसला, म्हणजे आतल्या सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला तर चेसिस न्यूट्रलवर, उलटा लावला तर फेजवर, म्हणजे झटका देणाऱ्या तारेवर. लाकडी पेटी, बॅकेलाइटची बटणं आणि मागचा पुठ्ठा, एवढंच काय ते तुमच्या आणि 230 व्होल्टच्या मध्ये. बटण हरवलं की उरते त्याच चेसिसला जोडलेली उघडी दांडी. बाबांच्या पक्कडीला रबरी मूठ होती का, बघा बरं.

‘ई’वाला निघाला तरी निर्धास्त होऊ नका. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी तयार होतं आणि प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कंडेन्सरमध्ये काही वेळ दबा धरून बसतं.

आणि मुलाला हेही सांगा की धोका फक्त माणसाला नाही. रेडिओत दोन जातीचे कंडेन्सर लवकर म्हातारे होतात. एक ते मोठे, डबीसारखे. त्यांच्या आत ॲल्युमिनियमवर एक पातळ थर असतो, तोच वीज अडवतो. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर विरत जातो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की डबी तापते, फुगते, कधी फुटते, आणि जाताना रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) नाहीतर ट्रान्सफॉर्मर सोबत घेऊन जाते. दुसरे कागदाचे, मेणात बुडवलेले. कागद ओल धरतो. शेवटच्या व्हॉल्व्हच्या अलीकडे असा एक छोटा कंडेन्सर असतो, त्याचं काम आवाज पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचं. तो गळायला लागला की व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो, आतली पाटी निखाऱ्यासारखी लाल होते आणि स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. हे लगेच होत नाही. दहा मिनिटं छान गाणं लागतं, सगळे खूश होतात, मग वास येतो. उंदरांनी मारले नसतील इतके रेडिओ ‘चालतो का बघू’ने मारलेत.

म्हणून माझं मत, पटो न पटो : विकायचाच असेल तर दुरुस्त करू नका. साध्या मॉडेलच्या दुरुस्तीचा खर्च विक्रीतून निघत नाही. शिवाय जुने रेडिओ जमवणाऱ्याला कुणाचाही हात न लागलेला सेट जास्त आवडतो, कारण दुरुस्तीत काय घोळ घातलाय ते शोधायचा त्याचा वेळ वाचतो. ‘चालू करून पाहिलेला नाही’ असं सरळ लिहा. जाणत्या माणसाला हे वाक्य वाचून बरं वाटतं.

ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी. महाराणी रोडला किंवा जेल रोडला आता मोबाइल आणि एलईडीचंच राज्य आहे, पण विचारत गेलात तर मागच्या गल्लीत एखादा जुना हात सापडतो. त्याची परीक्षा सोपी आहे. पुठ्ठा न काढता प्लग लावायला निघाला तर रेडिओ उचलून घरी या. सिरीज बोर्ड काढला, म्हणजे मध्ये साठ-शंभर वॉटचा बल्ब घालून वीज दिली, तर बसा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरं लक्षण, तसाच ढणढणत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट. (एलईडी बल्बने हे होत नाही, तारेचाच लागतो. माझ्याकडे असे सहा बल्ब आहेत, आणि मी ते बायकोच्या दागिन्यांपेक्षा जपतो.) डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवायचं यंत्र, वापरणारा भेटला तर आणखी चांगलं. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत मागा. आणि “आतला सगळा कचरा काढून यूएसबी-ब्लूटूथचं किट बसवून देतो, एकदम नया हो जाएगा” म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. किट स्वस्तात मिळतं, पण ते बसवलेला मर्फी ही मग नुसती लाकडी पेटी.

आता भाव. 85 हजार हा मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही. तीच जाहिरात दिवाळीत बघा, पुढच्या अक्षय्य तृतीयेला बघा, तिथेच असते. आमच्या घराशेजारी एक प्लॉट पंधरा वर्षं दोन कोटींचा आहे, तसंच ते. मर्फीचा कारखाना ठाण्याला होता, आणि कॅलेंडरवरच्या त्या गुटगुटीत बाळाच्या जोरावर हे सेट गावोगाव पोचले. म्हणजे ते दुर्मीळ नाहीत. पेटी न फुटलेली, डायलची काच शाबूत, मागचा पुठ्ठा जागेवर, सगळी बटणं मूळची, हे जुळून आलं तर भाव. माझ्या अंदाजाने तुमचा सेट चार आकड्यांतच राहील. बटणाशिवाय त्यातल्या खालच्या अंगाला, बटणासकट वरच्या. चार लाख नाहीत, पण बाराशेत ट्रंकांसकट द्यावा असाही नाही. समोरच्या बाजूला हिरवा डोळा असेल, म्हणजे स्टेशन नीट लागलं की ज्यातली काळी फट मिटत जाते तो उजेड, तर जाहिरातीत आवर्जून लिहा. कपाटात पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक सापडतं का पाहा. पूर्वी रेडिओ ठेवायला दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागत, त्या पुस्तकामुळे सेटचं वय कळतं आणि घेणारा खूश होतो.

साफ करायचा मोह होईल. कोरड्या ब्रशने धूळ झटका, पेटीवरून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, झालं. पॉलिश नाही, वॉर्निश नाही. डायलच्या काचेला आतून हात लावू नका : स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात, आणि काच पुसायचा निळा फवारा मारला की कोलंबो, दिल्ली, लंडन सगळं फडक्यावर येतं. बाहेरून 25 मीटरपाशी पेन्सिलची किंवा नेलपॉलिशची खूण दिसली तर ती रेडिओ सिलोनची. ती तर मुळीच पुसू नका.

रेकॉर्डींबद्दल थोडक्यात. जाड, जड, आपटली की फुटणाऱ्या त्या 78च्या लाखेच्या तबकड्या. वाकणाऱ्या त्या एलपी. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नवीन नवीन असताना एका गिऱ्हाइकाची तबकडी चकचकीत करून द्यावी म्हणून मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून फिरवला. कापूस काळा होत गेला, मला वाटलं काय मळ निघतोय! मळ नव्हता, रेकॉर्डच निघत होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुतारकामातल्या पोराला ठाऊक असतं, मला नव्हतं. साधं पाणी, साबणाचा एखादा थेंब, मधलं लेबल कोरडं ठेवून मऊ फडकं, आणि सावलीत उभी करून वाळवायची. ट्रंकेत आडव्या रचल्या असतील तर आजच उभ्या करा, खालच्या तबकड्यांवर वरच्यांचा भार येतो. भाव बहुतेक किरकोळ असतो, सिनेमाच्या 78च्या तबकड्या लाखांनी निघाल्या. कव्हर, लेबल आणि ओरखडे बघून दहा-वीस बाजूला काढा, यादी करा. ट्रंकेचा ठोक सौदा यादी झाल्याशिवाय नको.

फिएस्टाच्या पोटात सेल राहिलेत का तेवढं बघा. गळून हिरवे-पांढरे झाले असतील तर काढून टाका. त्यावर 78 वाजवायची झाली तर सुई 78चीच हवी. एलपीची सुई बारीक असते, ती जाड खाचेच्या तळाला घासत जाते, रेकॉर्ड खरखरते आणि सुईही जाते.

आता रिळं. तुम्ही ती पत्रात यंत्राच्या शेपटीला बांधलीत, माझ्या हिशेबी क्रम उलटा आहे. ग्रुंडिग जगात हजारो आहेत. ‘बारसं’ लिहिलेलं रीळ एकच आहे, आणि ते बहुधा तुमच्या यजमानांचं किंवा त्यांच्या भावंडांचं असणार. त्यात पाळणा म्हणणाऱ्या बायकांपैकी आज कोण आहे?

म्हणून ग्रुंडिग लगेच विकू नका, आणि त्यावर रिळं वाजवूही नका. दोन्ही एकदम. त्या यंत्रातले रबराचे पट्टे आणि चाकं इतक्या वर्षांत एकतर कडक होतात, नाहीतर काकवीसारखी चिकट. अशा यंत्रात टेप घातली की ती ओढली जाते, चुरगळते, तुटते. रिळं चांगल्या स्थितीतल्या दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची. तुमचं यंत्र तोवर घरात हवं, कारण रिळं त्याच्यावर भरलेली आहेत : कुठला वेग (बहुधा सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, कधी 19, कधी पावणेपाच), अर्धा ट्रॅक की पाव ट्रॅक (म्हणजे टेपच्या किती रुंदीत आवाज भरलाय), हे त्याच्यावरून कळतं. उतरवणाऱ्याने टेप वाचणाऱ्या हेडचा कल कानाने ऐकून जुळवायला हवा. नाही जुळवला तर आवाज उशीतून आल्यासारखा येतो आणि तुम्हाला वाटतं टेपच गेली.

घरी एवढं करा. एक रीळ डब्यातून काढा, त्याची सपाट बाजू खिडकीतल्या उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती ॲसिटेटची, जुनी आणि ठिसूळ. काळीकुट्ट दिसली तर बहुधा पॉलिएस्टरची, जरा दणकट. मग वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास असेल तर ॲसिटेट सडायला लागलंय, त्या रिळांचा नंबर पहिला लावा आणि ती बाकीच्यांपासून लांब ठेवा. टेप ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ मुलगा दाखवेल. तो उपाय 1970–80च्या काळातल्या काही ठरावीक कंपन्यांच्या चिकट झालेल्या टेपांसाठी आहे, ॲसिटेटची टेप भाजली तर वाया जाते. रिळं उभी ठेवा, आणि रेडिओवर रचू नका, स्पीकरला लोहचुंबक असतं.

उतरवायला देताना अकराच्या अकरा एकदम देऊ नका. कमी महत्त्वाचं एक द्या, ऐका, मग पुढचं. फाइल वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, मागा, एमपी3 नंतर कधीही करता येते. आणि ‘आवाज साफ करून’ दिलेली फाइल दिली तरी मूळची कच्चीसुद्धा घ्या. मागची खरखर काढताना पंख्याबरोबर बांगड्यांचा आवाजही जातो. दोन प्रती करा, एक निपानियात, एक नणंदेकडे. गणेशोत्सवाच्या रिळात एखाद्या गवयाची मैफल निघाली, आणि इंदुरात ती निघू शकते, तर घरात खुशाल ऐका. पण टेप तुमची असली तरी गाणं त्यांचं आहे, त्या गवयाच्या वारसांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका, आणि मूळ रीळ घाईने कुणाच्या हाती देऊ नका.

यानंतर विक्री. फोटो दिवसाच्या उजेडात, आठ-दहा : समोरून, मागून पुठ्ठ्यासह, पुठ्ठा काढून, वायर, ओरखडे, आणि उघडी दांडीसुद्धा. घेणारा शक्यतो इंदूरचाच बघा, घरी येऊन उचलून नेणारा. “मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील” असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. बाहेरगावी पाठवायचंच झालं तर फिएस्टाचा सुईचा हात दोऱ्याने बांधा, फिरती थाळी वेगळी गुंडाळा, खोक्यात खोकं. मर्फी मात्र मी कुरिअरने पाठवणार नाही.

आणि ते बटण शोधा. घर रिकामं व्हायच्या आत. शिवणाच्या डब्यात, बाबांच्या स्क्रू-खिळ्यांच्या बरणीत, देवघराच्या खणात, रेडिओच्याच पेटीच्या तळाशी धुळीत. निम्म्या वेळा ते तिथेच पडलेलं असतं. तपकिरी, आत एक बारीक स्क्रू किंवा पत्र्याची स्प्रिंग. सापडलं तर दांडीवर बसवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा आणि व्हॉल्व्हचं पहिलं अक्षर मला कळवा.